कुंडीतील चारशे वर्षे

माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. त्यामुळे स्मरणिकेसाठी लेख लिहा, आणि तोही इतिहासावर, असे संपादिका ताईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. लोणची, पापड, दिवाळीचे जिन्नस यांवर काय हवे ते विचारा, पण इतिहास म्हणजे शाळा-कॉलेजातल्या लोकांचे काम. तेव्हा ताई हसून म्हणाल्या, “गेल्या पौषात आपल्या वडाचे जे झाले, त्याचा इतिहास तुम्ही नाही तर कोण लिहिणार?” त्यांच्या हसण्यातला चिमटा मला कळला, आणि तो रास्तही होता. म्हणून हे धाडस करीत आहे. भगिनींनी चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

मंडळाच्या अंगणातला कुंडीतला वड सर्वांच्या परिचयाचा आहे. जुना वाडा पाडत होते तेव्हा भिंतीच्या फटीत उगवलेले ते वीतभर रोप आपल्या मोठ्या काकूंनी उपटून आणले आणि घमेल्यात लावले. घमेल्यातून ते अर्ध्या कापलेल्या पिंपात गेले, आणि पिंपातून सिमेंटच्या मोठ्या कुंडीत. वटपौर्णिमेला बाजारातून तोडलेल्या फांद्या आणून पूजायच्या नाहीत, हा काकूंचा आग्रह. त्यामुळे गेली कित्येक वर्षे आपण सगळ्या त्याच वडाला सूत गुंडाळतो. दोघी जणींना कवेत येणार नाही एवढा त्याचा पसारा झाला होता. मुळ्यांनी कुंडीला तडा गेला होता. पाणी घातले की वरच्या वर वाहून जाई, आत मुरत नसे.

वर्धापनदिन जवळ आला होता. मी मोबाईलवर एका जपानी झाडाचे चित्र पाहिले, जाड खोड आणि वर ढगांसारखे हिरवे थर, आणि माझ्या डोक्यात भरले की आपला वडही असाच करावा. मीच सभेत विषय काढला, मीच माळीदादांना बोलावले आणि मीच शेजारी उभी राहून त्यांना सांगत गेले. एका दुपारी आम्ही फांद्या छाटल्या, उरलेल्या तारेने वाकवल्या, झाड कुंडीतून काढले, मुळ्या निम्म्याहून अधिक कापल्या आणि नव्या पसरट कुंडीत बसवले. माळीदादा एकदा म्हणालेसुद्धा, “बाई, थंडी आहे, पावसाळ्याच्या तोंडावर करू.” मी ऐकले नाही. वर्धापनदिनाला वड फार देखणा दिसला, पुष्कळांनी त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढले. दहाव्या दिवशी पाने पिवळी पडू लागली आणि तीन आठवड्यांत झाडावर एक पान उरले नाही.

काकू पाहायला आल्या. काही वेळ उभ्या राहिल्या आणि मला एवढेच म्हणाल्या, “अगं, बाळंतिणीला कोणी त्याच दिवशी जात्यावर बसवते का?” त्यानंतर त्या पंधरा दिवस मंडळात फिरकल्या नाहीत. त्या पंधरा दिवसांत माझी काय अवस्था झाली ते मी इथे लिहीत नाही. माझ्या मुलीने वाचनालयातून बोन्सायवरची दोन पुस्तके आणली. ती इंग्रजी होती, म्हणून रोज रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर ती वाचून मराठीत सांगायची आणि मी वहीत टिपून घ्यायची. झाड वाचवायचा उपाय शोधायला आम्ही बसलो होतो, पण वाचता वाचता इतिहासातच गुंतलो.

‘बोन’ म्हणजे उथळ भांडे, थाळा आणि ‘साय’ म्हणजे लावलेले झाड. नाव जपानी असले तरी कला मुळात चीनची. इसवी सन ७०६ मध्ये तिथल्या एका राजपुत्राच्या थडग्यात भिंतीवर चित्रे काढली गेली. त्या चित्रांत सेवक हातात तबक घेऊन चालले आहेत आणि तबकात छोटे खडक व रोपे आहेत. चीनमधून बौद्ध भिक्षूंबरोबर आणि व्यापारउदिमाबरोबर ही आवड जपानात गेली. तिथल्या १३०९ सालच्या एका चित्रांच्या गुंडाळीत थाळ्यातली झाडे दिसतात. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वर माउलींची समाधी होऊन जेमतेम तेरा वर्षे झाली होती, तेव्हा जपानातल्या एखाद्या घराच्या ओसरीवर कुंडीतले झाड होते. सनावळी मला अशी आपल्या खुणेनेच लक्षात राहते.

जपानात ‘नो’ नावाची जुन्या पद्धतीची नाटके आहेत. त्यांतल्या एकाचे नाव ‘हाचि-नो-कि’, म्हणजे कुंडीतील झाडे. त्सुनेयो नावाचा एक सामुराई, जमीन भाऊबंदांनी बळकावल्यामुळे दरिद्री झालेला. एका रात्री बर्फ पडत असताना एक प्रवासी भिक्षू दाराशी येतो. घर मोडके, खायला बाजरीसारखे हलके धान्य, म्हणून त्सुनेयो त्याला नाही म्हणून लावून देतो. तेव्हा त्याची बायको म्हणते, अशा बर्फात पाठवू नका, परत बोलवा. भिक्षू येतो. रात्री थंडी वाढते आणि सरपण संपते. सुखाच्या दिवसांतली तीन झाडे तेवढी त्सुनेयोने जपून ठेवलेली असतात, एक प्लमचे, एक चेरीचे आणि एक पाईनचे. पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून ती तिन्ही तोडून तो चुलीत घालतो. तो भिक्षू म्हणजे वेष पालटून फिरणारा होजो तोकियोरी, राज्याचा पूर्वीचा कारभारी असतो. पुढे तो त्सुनेयोची जमीन परत देववतो आणि वर त्या तीन झाडांच्या नावांची तीन गावे बक्षीस देतो. सगळे कौतुक त्सुनेयोचे होते. मला विचाराल तर खरे मोठेपण त्या बाईचे. घरात काय आहे आणि काय नाही हे ठाऊक असून तिने पाहुण्याला परत बोलावले. नाटकात ती नुसती ‘त्सुनेयोची बायको’ आहे.

आता ज्या झाडासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. ते पांढऱ्या पाईनच्या जातीचे आहे. जपानीत या जातीला ‘गोयोमात्सु’ म्हणतात, कारण सुयांसारखी पाने पाच-पाचच्या जुडीने येतात. कुंडीत त्याला वळण लावायला सुरुवात झाली ती १६२५ साली, असे त्याच्या नोंदीत आहे. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. हे झाड हिरोशिमा शहरातल्या यामाकी नावाच्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. बाप मुलाला शिकवी आणि मुलगा आपल्या मुलाला. पाणी किती, केव्हा, कोणती फांदी धरायची, कोणती सोडायची.

६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबाँब पडला. यामाकींची बाग बाँब पडला त्या जागेपासून दोन मैलांच्याही आत होती. मासारू यामाकी आणि घरची माणसे घरात होती. खिडक्यांच्या काचा फुटून अंगात घुसल्या, पण मोठी इजा कोणाला झाली नाही. बागेत फळ्यांवर मांडलेली झाडे वाचली, कारण बागेभोवती भक्कम भिंत होती आणि धक्का तिने अंगावर घेतला. त्या शहरात त्या दिवशी आणि पुढच्या काही महिन्यांत लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसे मेली. मुलीने हे वाचले तेव्हा आम्ही दोघी गप्प बसलो. मला वाटले, अशा वेळी झाडाला पाणी घालायचे कोणाला सुचले असेल? पण कोणाला तरी सुचले असलेच पाहिजे. ऑगस्टच्या उन्हात उथळ कुंडीतले झाड दोन-चार दिवससुद्धा बिनपाण्याचे राहत नाही.

त्यानंतर १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने जपानच्या बोन्साय संघाने अमेरिकेला ५३ बोन्साय झाडे आणि ६ शोभेचे दगड भेट दिले. वॉशिंग्टनच्या सरकारी वृक्षोद्यानात त्यांच्यासाठी संग्रहालय उभारले. त्या ५३ मध्ये यामाकींनी आपला हा पाईन दिला. तेव्हा झाड साडेतीनशे वर्षांचे होते. ज्या देशाने बाँब टाकला त्याच देशाला एकतीस वर्षांनी घरातले पिढीजात झाड त्यांनी दिले आणि त्याबरोबर बाँबची कथा काही गाजवली नाही. २००१ साली यामाकींचे दोन नातू आजोबांचे झाड पाहायला म्हणून वॉशिंग्टनला गेले. त्यांच्या बोलण्यातून तिथल्या लोकांना कळले की आपण पंचवीस वर्षे ज्याला पाणी घालतो आहोत तो पाईन हिरोशिमातून वाचलेला आहे. आपल्याकडे देवळाला पंखा दिला तरी पात्यावर नाव घालतात. यामाकी का बोलले नसतील याचा मी पुष्कळ विचार केला. घेणाऱ्याला ओशाळे वाटू नये म्हणून असेल, किंवा त्या दिवसाबद्दल बोलणेच नको वाटत असेल. मला पहिलेच खरे वाटते. मुलीचे मत दुसरे आहे.

दुसरीही एक कथा मोडतोडीतूनच निघालेली आहे. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियोत महाभयंकर भूकंप झाला आणि आगी लागल्या. शहरातल्या बोन्सायवाल्यांच्या बागा गेल्या. मग त्यांतले काही जण मोकळी जागा, चांगले पाणी आणि चांगली माती पाहून शहराबाहेर ओमिया इथे गेले आणि १९२५ साली तिथे बोन्सायचे गावच वसवले. त्या गावाचे सुरुवातीचे नियम वाचून मला फार गंमत वाटली. राहायला यायचे तर घरी निदान दहा बोन्साय पाहिजेत. फाटक उघडे ठेवायचे, कोणीही येऊन पाहावे. घराला माडी बांधायची नाही. कुंपण भिंतीचे नको, झुडपांचे हवे. आपल्या सोसायटीत असे नियम केले तर पहिल्याच सभेत भांडणे होतील! पुढे महायुद्धात कुंडीतली झाडे म्हणजे चैन ठरली, माळी सैन्यात गेले आणि पुष्कळ झाडे पाण्यावाचून मेली. तरी थोड्या बागा टिकल्या, त्या आजही आहेत. सेइकोएन नावाच्या जुन्या बागेत आता पाचव्या पिढीतल्या काओरी यामादा या बाई काम पाहतात. हा एके काळी पुरुषांचाच धंदा होता, म्हणून मुद्दाम सांगितले. २०१० पासून तिथे बोन्सायचे स्वतंत्र संग्रहालयही आहे.

एवढ्या जुन्या झाडाची कुंडी बदलतात कशी, हे मी सर्वात मन लावून ऐकले. कारण आमची चूक तिथेच होती. बोन्साय कुंडी लहान म्हणून खुरटत नाही. मुळ्या कुंडीभर झाल्या की माती उरत नाही, पाणी आणि हवा आत जात नाही आणि झाड आतून गुदमरते. म्हणून काही वर्षांनी ते बाहेर काढून मुळ्या छाटायच्या आणि नवी माती द्यायची. ती शिक्षा नव्हे, ते झाडाचे आयुष्य वाढवणे आहे. कोवळ्या झाडाला हे एक-दोन वर्षांनी लागते, म्हाताऱ्या पाईनला चार-पाच किंवा त्याहूनही अधिक वर्षांनी. जपानात वेळ ठरलेली, हिवाळा सरता सरता, कोंब फुगायच्या थोडे आधी.

मोठ्या झाडांना तिकडे ‘चार हातांची’ म्हणतात, म्हणजे उचलायला दोन माणसे लागणारी. त्याहूनही मोठी असतात. काम करायच्या आधी पाणी थोडे आवरते घेतात, म्हणजे मुळ्यांचा गोळा फुटत नाही. कुंडीच्या कडेने विळ्यासारखे वाकडे पाते फिरवून गोळा सुटा करतात. मग पट्टे घालून झाड उचलतात. एक जण खोड धरतो, एक जण कुंडी सांभाळतो आणि सांगणारा एकच असतो. (आमच्याकडे सांगणाऱ्या आठ होत्या.) खालच्या जाड मुळ्या कापतात, बारीक तंतू राखतात, कारण पाणी पितात ते तंतूच. पाईनच्या मुळ्यांवर पांढरी बुरशी असते. ती रोग नव्हे, झाडाची सोबतीण आहे, म्हणून जुनी माती सगळी धुऊन काढीत नाहीत. एका बाजूची थोडी ठेवतात आणि ती पुढच्या खेपेला बदलतात.

माती म्हणजे आपली काळी माती नव्हे. ‘अकादामा’ नावाची ज्वालामुखीच्या राखेची, दाणेदार. ती चाळणीने चाळतात, रव्यासारखे दाणे घ्यायचे आणि पीठ टाकून द्यायचे, नाहीतर पुन्हा चिखल होऊन भोके बुजतात. भोकांवर जाळी. झाड तारेने कुंडीला घट्ट बांधतात, कारण वाऱ्याने हलले की नव्या मुळ्या तुटतात. मग जेवायच्या काड्यांनी माती खोचून खोचून भरतात, आत पोकळी राहू देत नाहीत. भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी देतात. नंतर काही आठवडे सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला ठेवायचे आणि खत मुळीच घालायचे नाही. आम्ही तिसऱ्या दिवशी शेणखत घातले होते.

झाडाला नवे रूप देणे हे याहून निराळे काम. त्यात दर्शनी बाजू कोणती हे पाहायचे, शेंडा ठरवायचा, खोडाचा कल बदलायचा, नको त्या फांद्या काढायच्या आणि बाकीच्यांना तार गुंडाळून बसवायचे. तार तांब्याची, गवताच्या जाळात तापवून मऊ केलेली. तांब्याची तार त्या मानाने अलीकडची, पूर्वी दोऱ्या आणि तंतू बांधून ओढत असत. फांदी त्या वळणाला स्थिरावली की तार कापून काढायची. उलटी सोडवत बसले तर साल सोलते, आणि विसरले तर ती सालीत रुतते. ओमियाचेच मासाहिको किमुरा, जन्म १९४०, हे असे रूप बदलण्यात जगभर नावाजलेले. डोंगरातून आणलेली प्रचंड ज्युनिपर झाडे त्यांनी यंत्रांनी कोरून अशी पालटली की जुने लोक प्रथम नाके मुरडीत. वाळलेल्या फांद्या ते तोडीत नाहीत. साल काढून पांढऱ्या हाडासारख्या राहू देतात. विजेने आणि बर्फाने मारलेल्या झाडासारखे ते दिसते.

आणि मग एका रात्री मुलीने वाचले की अनुभवी माणूस मोठ्या झाडाला नवे रूप देणे आणि त्याच्या मुळ्या कापणे ही दोन्ही कामे एका हंगामात सहसा करीत नाही. एक झाले की झाडाला सावरायला वर्ष देतो, कधी दोन वर्षे. मी मुलीला पुन्हा वाचायला लावले. पुस्तकात बाळंतीण हा शब्द नव्हता एवढेच. काकू कधी जपानला गेलेल्या नाहीत आणि त्यांनी बोन्सायचे पुस्तकही पाहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन काकूंच्या घरी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी तारेचे, कुंडीचे काही बोलले नाही. हिरोशिमाचा पाईन सांगितला, भिंत सांगितली, नातवांपर्यंत सगळे सांगितले. त्यांनी तोपर्यंत मान वर केली नव्हती. मग विचारले, “त्या भिंतीचे काय झाले?” मला सांगता आले नाही. त्या उठल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, “चल, बघू.” अंगणात येऊन त्यांनी नखाने वडाची साल जराशी खरवडली. एका बाजूला आत हिरवे होते, दुसऱ्या बाजूला तपकिरी. हिरव्या बाजूच्या तारा आम्ही दोघींनी कापून काढल्या, कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवली, वरून गोणपाट बांधले आणि काकूंनी स्वतः पाण्याचे माप ठरवून दिले. खत वर्ज्य.

चैत्रात काही झाले नाही. वैशाखात एके सकाळी खजिनदार वहिनींनी मला फोन करून बोलावले. हिरव्या बाजूच्या दोन फांद्यांना लालसर टोकाचे कोंब आले होते. वटपौर्णिमेला झाडावर मोजून एकोणीस पाने होती. काही जणींनी बाजारातून फांद्या आणल्या आणि त्याबद्दल मी त्यांना बोल लावीत नाही. बाकीच्यांनी कुंडीलाच सूत गुंडाळले. तपकिरी बाजू गेली ती गेलीच. मुलगी म्हणत होती की ती किमुरांसारखी सोलून पांढरी ठेवू. पण ज्युनिपरचे लाकूड चिवट, वर्षानुवर्षे टिकते. वडाचे आपल्या पावसात कुजते. म्हणून आषाढात माळीदादांनी ती करवतीने काढली आणि जखमेला लेप लावला. या वेळी वेळ त्यांनीच ठरवली होती.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर २००६ साली झालेले ओकायामाच्या धर्तीवरचे जपानी उद्यान आहे, आता त्याला पु. ल. देशपांडे यांचे नाव आहे. पावसाळ्यानंतर मंडळाची सहल तिथे नेली होती ती याच वेडापायी. तिथली झाडे कुंडीतली नव्हेत, जमिनीतली आहेत, पण छाटून छाटून वळण लावलेली. काकू एका झाडापुढे बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “कापतात खूप, पण घाई दिसत नाही कुठे.”

आज आपल्या वडाला तीन चांगल्या फांद्या आहेत. एका बाजूने तो रिकामा दिसतो, म्हणून आम्ही कुंडी थोडी फिरवून दर्शनी बाजू बदलली. यंदाच्या वर्धापनदिनाच्या फोटोत तो दिसेल. पुढची कुंडी चार वर्षांनी, मृगाच्या तोंडावर बदलायची आहे आणि त्या वर्षी फांद्यांना हात लावायचा नाही. तसे मी वहीत लिहून ठेवले आहे. वही खजिनदार वहिनींच्या कपाटात, जमाखर्चाच्या पुस्तकांशेजारी आहे.